जबर अपघातात रक्त थांबत नव्हतं तेव्हाचा अनुभव: मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलचा ट्रॉमा विभाग, नाशिक

दादाचा वॉकर सुटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, परवा सुटला म्हणून आज लिहितोय. थोडं लांबेल पण सिन्नर, घोटी, इगतपुरी, चांदवडकडच्या लोकांनी वाचाच, हायवे आपल्या दारावरून जातो.

गेल्या जुलैत दादा सिन्नर-घोटी रोडनं बाईकवर घरी येत होता, धो धो पाऊस, पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर. मांडीचं हाड मोडलं आणि पेल्विस म्हणजे कंबरेचा सांगाडा पण फुटला. ९ वाजून २२ मिनिटांनी एका भल्या माणसानं दादाच्याच मोबाईलवरून मला फोन केला, ही वेळ पुढे फार कामाला आली.

आधी जवळच्या एका हॉस्पिटलला नेलं, नाव लिहीत नाही. तिथे बीपी पडलंय म्हणून सलाईनवर सलाईन, तीन बाटल्या गेल्या, त्या पण गार. दादाचे ओले कपडे अंगावर तसेच. सुई टोचलेल्या जागेतून रक्त पाझरत होतं, मी कापसाचा बोळा दाबून धरला की पाच मिनिटांत तो लालभडक, आणि रक्त एकदम पातळ, पाण्यात कुंकू कालवल्यासारखं. मी विचारलं तर म्हणाले रक्त गोठायची टेस्ट पाठवलीय, रिपोर्ट आला की बघू. तासभर झाला तरी रिपोर्ट नाही. शेवटी १०८ बोलावली आणि नाशिकला निघालो. त्या गाडीतल्या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं तर कंबरेभोवती चादर करकचून आवळली, आणि रस्त्यातूनच या हॉस्पिटलला फोन लावून पेशंट कसा आहे ते सांगितलं.

पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले. कॅज्युअल्टीतल्या मॅडमनी डिपॉझिटचं काही विचारलं नाही, पहिला प्रश्न, अपघात नक्की किती वाजता झाला? मी कॉल लॉग दाखवला, ९:२२. मॅडम म्हणाल्या म्हणजे अजून तीन तासांच्या आत आहोत, आणि लगेच ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत दिलं, पुढचं १ ग्रॅम आठ तासांच्या ड्रिपमध्ये. हे औषध धरलेली गुठळी विरघळू देत नाही. स्वस्तातलं आहे, नवीन नाही. मी नंतर वाचलं की २०१० साली याची मोठी चाचणी छापून आली, ४० देशांतले २० हजारांवर जखमी पेशंट होते, औषध लवकर दिलेल्यांमध्ये रक्त जाऊन होणारे मृत्यू कमी झाले, पण तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान दिसलं. म्हणून ती वेळ विचारली. आधीच्या ठिकाणी ही वेळ कोणी विचारलीच नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, असिट्रोम, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन? दादाला काही नव्हतं, पण शेजारच्या बेडवर बाथरूममध्ये पडलेले एक आजोबा होते त्यांना असिट्रोम चालू होती, त्यांचा इलाज त्यामुळे वेगळा चालला होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, खरंच.

मग वॉर्डातल्या मामांनी ओले कपडे कात्रीनं कापून काढले, गरम हवेचं पांघरूण घातलं, रक्तसुद्धा गरम करायच्या मशीनमधून सोडलं. मॅडमनी दोन मिनिटं काढून समजावलं की अंग गार पडलं, रक्तात आम्ल वाढलं आणि गोठायची ताकद गेली, की ही तिन्ही एकमेकांना वाढवत जातात. जबर मार लागलेल्या पेशंटपैकी जवळपास चारातल्या एकाचं रक्त दारात पोचतानाच नीट गोठत नसतं, मार आणि शॉकमुळे (म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळल्यामुळे) शरीरच ती ताकद घालवून बसतं, आणि वरून सलाईन म्हणजे आमटीत पाणी ओतल्यासारखं, जे काही गोठवणारं उरलंय ते पण पातळ होतं. म्हणून इथे सलाईन जवळपास बंद केलं. रक्ताची एक लाल पिशवी दिली की सोबत एक पिवळी, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला गोठवणारे घटक असलेला पातळ भाग), आणि प्लेटलेट (गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी). प्लाझ्मा उणे १८ च्या खाली गोठवलेला असतो, ३७ डिग्रीच्या पाण्यात वितळायला वीस-तीस मिनिटं लागतात, इथे त्यांनी आमचा फोन आला तेव्हाच पिशव्या पाण्यात सोडल्या होत्या! मध्ये मध्ये कॅल्शियमचं इंजेक्शन, कारण पिशवीतल्या रक्तात ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ते पेशंटचं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गुठळी होत नाही.

यांच्याकडे टीईजीचं, म्हणजे रक्ताची गुठळी कशी धरतेय ते दाखवणारं मशीन आहे. रक्त गोठायच्या नेहमीच्या टेस्टला, पीटी-आयएनआरला, वेळ जातो आणि त्यात गुठळी किती घट्ट होतेय ते कळत नाही, या मशीनवर गुठळी धरताना आलेख डोळ्यासमोर उमटतो. मॅडमनी स्क्रीन दाखवली, दोन रेघा एकमेकींपासून लांब फाकायला पाहिजेत, दादाच्या सुतळीएवढ्या जवळ. फायब्रिनोजेन (गुठळी घट्ट करणारं रक्तातलं प्रोटीन) कमी आहे, क्रायो, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला ते भरपूर असलेला भाग, लागेल म्हणाल्या. ते दिल्यावर तासाभरानं परत टेस्ट केली तर रेघा फाकल्या होत्या. मी त्या स्क्रीनकडे बघून रडलो. त्या रात्री मोठं ऑपरेशन केलं नाही, बाहेरून रॉड लावून हाडं धरून ठेवली, मांडीचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी, रक्त आणि बीपी जागेवर आल्यावर.

आता न आवडलेलं. क्रायो आणि प्लेटलेट यांच्याकडे नव्हते, रात्री दोन वाजता मला बाहेरच्या ब्लड बँकेत पळवलं, रिक्षा मिळेना, पावसात मित्राच्या गाडीवर गेलो. एवढं चांगलं ट्रॉमा युनिट चालवता तर ही धावपळ नातेवाइकावर नको, तुमचा माणूस पाठवा. क्रायो बर्फाच्या डब्यात दिलं, पण प्लेटलेट बर्फात ठेवायचे नाहीत असं तिथल्या टेक्निशियननी दोनदा बजावलं, ती पिशवी मी रेनकोटच्या आत छातीशी धरून आणली. आणि बिलिंग काउंटरला कोण नातेवाईक काय अवस्थेत उभा आहे याची जाणीव नाही, वहिनीला चार वेळा वर-खाली करायला लावलं. यासाठी एक स्टार कमी, चार देतोय.

अजून एक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिस्टर पोटात रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन द्यायला आल्या तर आई भडकलीच, रक्त थांबत नव्हतं म्हणून रात्रभर जीव टांगणीला लागला आणि आता हे? सिस्टरनी तिला शेजारी बसवून सांगितलं, मावशी, आता वारं उलटं फिरतं, झोपून झोपून पायात गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आईला पटलं, मग रोज तीच आठवण करायची, इंजेक्शन झालं का.

त्या सिस्टरना दादा अजून विचारत असतो. सोमवारी एक्स-रेला येतोय, ड्युटी असेल तर प्लीज भेटा, या वेळी चालत येणार आहे.