ॲल्युमिनियम फोमसाठी भट्टी किती तापवावी?

भुकटीपासून ॲल्युमिनियम फोम, म्हणजे वायूच्या छिद्रांनी भरलेला हलका धातू, तयार करताना सुमारे 10 टक्के सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूच्या भुकटीत अर्धा टक्का टायटॅनियम हायड्राइड (तापल्यावर हायड्रोजन वायू सोडून धातू फुगवणारे संयुग) मिसळून, ते दाबून त्याची घट्ट वडी केली जाते आणि ती भट्टीत फुगवली जाते. ही मिश्रधातू 577 अंश सेल्सिअसला वितळू लागते, पण साधे हायड्राइड 400 अंशांच्या आसपासच हायड्रोजन सोडू लागते. तापमानाची निवड अवघड होते ती या अंतरामुळे.

भट्टी 630 अंशांच्या आसपास ठेवली, तर वडी हळूहळू तापते. धातू घन असतानाच सुटलेला वायू काही प्रमाणात निसटतो आणि उरलेला दाबाच्या दिशेला काटकोनात चपट्या भेगा पाडतो. फोम कमी फुगतो. मात्र वितळलेला धातू फारसा तापत नसल्याने छिद्रांच्या भिंती अधिक वेळ टिकतात, आणि नमुना बाहेर काढण्यास पुरेशी सवड मिळते.

750 अंशांच्या भट्टीत वडी भेगांचा हा टप्पा झपाट्याने ओलांडते, त्यामुळे ती अधिक फुगते आणि छिद्रे गोलसर होतात. पण तीच उष्णता पुढे घातक ठरते: धातू भिंतींमधून खाली ओघळतो, तळाशी जाड थर साचतो, वरच्या पातळ भिंती फुटून शेजारची छिद्रे एकत्र येतात आणि थोड्याशा उशिरानेही फोम खाली बसतो. जाड वडीत तर बाहेरचा भाग आधी फुगून कोसळू लागतो, तेव्हा गाभा जेमतेम वितळत असतो. म्हणून ज्यांच्याकडे नमुन्यातच तापमापक बसवण्याची आणि तत्काळ थंड करण्याची सोय नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशांनी आधी हायड्राइडच सुधारावे. ते हवेत 480 अंशांना तीन तास तापवल्यास कणांवर ऑक्साइडचा थर चढतो, वायू उशिरा सुटतो आणि मध्यम तापमानाच्या भट्टीतही भेगा बऱ्याच कमी होतात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळत असल्याने तिथे अंतर आणखी वाढते. पहिल्या प्रयोगांसाठी सिलिकॉनयुक्त मिश्रधातूच घ्यावी.

जपानमधील अल्पोरास पद्धतीत भुकटी नसते. तिथे 680 अंशांच्या वितळलेल्या धातूत दीड टक्का कॅल्शियम ढवळून तो दाट केला जातो आणि मगच हायड्राइड टाकले जाते. रस जास्त तापला, तर हायड्राइड सर्वत्र पसरण्याआधीच वायू सुटतो, आणि काही ठिकाणी मोठ्या पोकळ्या तर काही ठिकाणी भरीव धातू राहतो.