पाच महिने, बंद खाणींच्या वाटा आणि ऑल-टेरेन टायर

मे महिन्यात आमच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबरी आणि खडकाळ दोन्ही वाटांवर चालणारे, बसवले. आम्ही डेन्व्हरला राहतो. कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सॅन हुआन डोंगरात सोन्या-चांदीच्या बंद पडलेल्या खाणी आहेत, तिथवर जायचं म्हणून हा खर्च केला. आता वरच्या खिंडी बर्फाने बंद होत आल्यात, तेव्हा अनुभव लिहिते.

टायर उत्तम आहेत, पण खरी किमया त्यातल्या हवेची. पहिल्या फेरीत डांबरी रस्त्याची ३५ पीएसआय हवा तशीच ठेवली. सिल्व्हर्टन गावाहून अॅनिमस फोर्क्स या ओसाड खाणगावाला पोहोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. पुढच्या वेळी २० पर्यंत उतरवली, तर त्याच रस्त्यावर टायर दगडांना धरून चालायला लागले. उंचीनेही आकडा बदलतो. डेन्व्हरहून १२,८०० फुटांवरच्या इंजिनिअर पास या खिंडीत गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि गेजवर साधारण ३ पीएसआय जास्त दिसतात. म्हणून वर गेल्यावर पुन्हा मोजते. परत भरायला छोटा पंप हवाच, चारही टायरना मला अर्धा तास लागतो.

उरे गावाच्या बाजूने इंजिनिअर पास चढणं सगळ्यात अवघड. खडकाच्या पायऱ्याच आहेत. जुलैत तिथे मागच्या टायरच्या बाजूला बोटभर काप गेला. हवा गेली नाही, पण मोबाइलला रेंज नव्हती आणि त्या दहा मिनिटांत पूर्ण मापाच्या स्टेपनीची किंमत कळली. लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) नसलेली गाडी इकडून घालू नका. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा आपल्या घाटातला नियम इथेही पाळतात.

तक्रारी आहेत. हायवेला घूं घूं आवाज येतो, गॅलनमागे दोनेक मैल कमी मिळतात, आणि ओल्या चिकण मातीत खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, त्यामुळे मी बाराच्या आत खाली उतरते.

ऑगस्टमध्ये बाबा आले होते. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीत त्यांची उमर गेली. ११,२०० फुटांवरच्या अॅनिमस फोर्क्समध्ये १८८३ च्या उन्हाळ्यात साडेचारशे माणसं राहायची. १८८४ मध्ये तेवीस दिवस हिमवादळ चाललं, तेव्हा लोकांनी घराघरांमध्ये बर्फातून बोगदे खणले. हे सांगितल्यावर बाबा एका लाकडी घराच्या खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. "इथंही बाया-पोरं असतील ना गं?" एवढंच म्हणाले.

वर एका खाणीचं तोंड उघडं दिसलं. लेक पुढे सरकली तसा बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "आत नाही जायचं, बेटा. लाकूड सडतं तशी आतली हवा मरते. दिसत नाही, वास येत नाही." कोलोरॅडोत अशा सोडून दिलेल्या सुमारे २३,००० खाणी आहेत. टायर कितीही चांगले असोत, गाडी लांब थांबवा आणि बाहेरूनच बघा.

पुढच्या वर्षीही हेच टायर घेईन. बाबा पुन्हा येणार आहेत, त्यांना इमोजिन पासवरून टॉमबॉयच्या खाणीकडे न्यायचंय. १३,११४ फूट त्यांना झेपतील का, हे आधी डॉक्टरांना विचारते.