बहुभाषिक शिक्षण की भाषाशास्त्र?

पदवीनंतर दोन्हींपैकी काय घ्यावं, असं भाचीने विचारलं. माहितीपत्रकं बाजूला ठेवून बघू.

अभ्यास: भाषाशास्त्रात ध्वनी, व्याकरण, वाक्यरचना. बहुभाषिक शिक्षणात सगळी नजर एकाहून जास्त भाषांत शिकणाऱ्या मुलावर. शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवलेला फरक तिथे रोज भेटतो: नव्या भाषेत मूल दोनेक वर्षांत गप्पा मारतं, पण गणितातलं शाब्दिक उदाहरण समवयस्कांइतकं कळायला ५ ते ७ वर्षंही लागतात. शिक्षक तेवढ्यात त्याला ‘ढ’ ठरवून मोकळे!

नोकरी: भाषाशास्त्राला भाषा-तंत्रज्ञान, कोशकार्य, संशोधन. बहुभाषिक शिक्षणाला शाळा, पाठ्यपुस्तकं, शिक्षक-प्रशिक्षण. मात्र शिकवण्याची पात्रता त्याच पदवीत मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारावं.

मुलांत रमणाऱ्याने बहुभाषिक शिक्षण घ्यावं. भाषेचे पुर्जे खोलून बघायची हौस असेल, तर भाषाशास्त्र.