दीड हजाराची ठुशी आणि सासूबाईंचा शब्द

भाचीच्या लग्नात घालायला म्हणून बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानातून ठुशी घेतली. दुकानाचं नाव लिहीत नाही. किंमत १,४५० रुपये, डबीवर 'वन ग्रॅम गोल्ड', बिलावर पॉलिशची सहा महिन्यांची गॅरंटी.

घडण सुरेखच आहे. मणी एकसारखे, दाट ओवलेले, मागचा गोंडा मऊ, गळ्याला कुठं टोचत नाही. हळदीत तिघींनी विचारलं, कुठल्या सोनाराकडची म्हणून. पण हळद, लग्न, पूजा होईपर्यंत घामानं मानेवर हिरवट पट्टा उठला, आणि कातडीला घासणारे मागचे चार मणी तांबूस पडले.

सासूबाईंनी ठुशी खिडकीपाशी धरली आणि म्हणाल्या, "बेगड की गं हे!" शेजारच्या गोकाकच्या अक्का तिथंच होत्या. त्यांनीही बघून तेच सांगितलं, "बरे बेगडे री." 'बरे' म्हणजे नुसतं; कन्नडमध्येही शब्द तोच. बेगड म्हणजे चकचकीत धातूचा पातळ वर्ख, मखराला नाहीतर बाशिंगाला चिकटवतात तो. त्यावरूनच आपण दिखाऊ गोष्टीला बेगडी म्हणतो. पण बाशिंगावरच्या बेगडीला कुणी सोनं म्हणून विकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

शहापूरच्या सराफ गल्लीत एका जुन्या सराफांना दाखवली. त्यांनी मणी कानशीनं जरासा घासला, आत लालसर तांबं. "ताई, हा मुलामा," म्हणाले. मुलामा हा मूळचा अरबी शब्द, 'चमकणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. त्यांनी समजावलं की विजेच्या साहाय्यानं सोन्याचा अगदी पातळ थर चढवतात. 'वन ग्रॅम' लिहिलं म्हणून दागिन्यात एक ग्रॅम सोनं असतंच असं नाही. बावीस कॅरेटच्या हॉलमार्कला ९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो यावर कुठंच नव्हता. मी घेतानाच बघायला हवं होतं.

दुकानदारानं पॉलिश फुकट करून दिलं, बोलायलाही नीट होता. डबीवर 'सोन्याचा मुलामा' असं छापा म्हटलं तर म्हणाला, "मग कोण घेईल, वहिनी?"

मी घेतली असती. अशी घडण आठशेला नक्की घेतली असती, आणि घामाचं आधी सांगितलं असतं तर लग्नापुरतीच घालून कापसात गुंडाळून ठेवली असती.