पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आणि साडेअठरा हजारांचे ‘कोटिंग’

गाडीच्या रंगावर वाळलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेचे निमित्त करून पुण्यातील एका कार डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची सखोल सफाई आणि चकाकी करून देणाऱ्या, दुकानाने माझ्याकडून १८,५०० रुपये घेतले. प्रकरण अद्याप मिटलेले नसल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. मात्र फसवणुकीची पद्धत सविस्तर सांगतो, कारण तीत वापरलेल्या युक्त्या कोणत्याही शहरात आणि कोणत्याही गाडीवर तशाच चालण्यासारख्या आहेत.

आमच्या सोसायटीत गाड्या उंबराखाली उभ्या राहतात. उन्हाळ्यात उंबर पिकले की दिवसा साळुंक्या-बुलबुल आणि रात्री वटवाघळे यांची झाडावर रीघ लागते, आणि त्यांचा प्रसाद खाली गाड्यांच्या टपावर पडतो. सुट्टीत आम्ही गावी गेलो असताना गडद निळ्या रंगाची आमची गाडी भर उन्हात तशीच उभी राहिली. परतल्यावर ती धुतली तेव्हा बहुतेक घाण निघून गेली, पण बॉनेटवर आणि टपावर फिकट, कडा उठलेली वर्तुळे उरली. ती काढून घेण्यासाठी या दुकानात गेलो.

तेथील व्यवस्थापकाने आधी बॉनेटवर तिरपा टॉर्च धरून रंगावरचे बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दाखवले. असे ओरखडे फडक्याने पुसल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर असतात आणि त्यांचा विष्ठेशी काहीही संबंध नसतो, हे त्याने अर्थातच सांगितले नाही. त्यानंतर रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बॉनेटला लावून तो म्हणाला, ‘‘साहेब, अ‍ॅसिडने रंग खाल्लाय. फक्त साडेचार मायक्रॉन उरलाय. महिनाभर असंच ठेवलंत तर पत्रा दिसेल.’’ यंत्राच्या पडद्यावर ४.५ हा आकडा खरोखरच होता.

फसवणुकीचा गाभा या आकड्यात आहे. अशी यंत्रे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मिल अशा दोन्ही एककांत मोजतात, आणि एक मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन. यंत्र मिलवर ठेवले होते, म्हणजे प्रत्यक्षातली जाडी सुमारे ११४ मायक्रॉन होती. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. तेव्हा माझ्या गाडीचा रंग अगदी ठणठणीत होता. शिवाय हे साधे यंत्र पत्र्यावरील सर्व थरांची मिळून जाडी दाखवते. सर्वांत वरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, वेगळी जाडी त्यावरून कळत नाही. कोणी असे यंत्र लावून भीती घालू लागला, तर आकड्यापुढचे एकक वाचावे आणि तेच यंत्र दाराच्या आतील चौकटीवर लावायला सांगावे. तेथे ऊन आणि विष्ठा दोन्ही पोहोचत नाहीत, तरीही आकडा तितकाच लहान आला, तर बनाव तेथेच उघडा पडतो.

उपाय म्हणून त्याने तीन टप्प्यांचे पॉलिश आणि त्यावर तीन वर्षांच्या हमीचे ‘९एच सिरॅमिक कोटिंग’, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा पारदर्शक संरक्षक थर, सुचवले आणि यानंतर विष्ठा रंगाला चिकटणारच नाही, असे ठामपणे सांगितले. ९एच हे माप पेन्सिलीने ओरखडा पडतो की नाही या चाचणीतले आहे. आम्लाने डाग पडण्याशी त्याचा संबंध नाही. चांगले कोटिंग विष्ठा सहज सुटायला मदत करते आणि थोडी उसंत देते, परंतु त्यावरही ती उन्हात वाळू दिली तर डाग पडू शकतो. हमीपत्र हाती आले ते पैसे दिल्यानंतर, आणि त्यातील बारीक अक्षरांत ‘पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक व क्षारयुक्त पाण्याचे डाग’ हमीतून वगळलेले होते! ज्या कारणासाठी पैसे घेतले, नेमके तेच बाहेर.

गाडी त्याच संध्याकाळी मिळाली, तीही आमच्यासमोर फेसाने धुऊन. खरे सिरॅमिक कोटिंग लावल्यावर काही तास हात लावायचा नसतो आणि निदान एक दिवस तरी पाणी लागू द्यायचे नसते. त्यामुळे हा धुण्याचा थाटच संशयास्पद होता. त्या वेळी मात्र बॉनेट आरशासारखे चमकत होते आणि वर्तुळे नाहीशी झाली होती. पावसाळ्याचे पहिले काही आठवडे गेले, आणि तीच वर्तुळे त्याच जागी, त्याच आकारात परत दिसू लागली.

रंगकाम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी बॉनेटचा एक कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. तेथील उरलीसुरली चमक फडक्यावर उतरली, आणि तिच्याबरोबर पाण्याचे थेंब होऊन घसरणेही थांबले. पक्के बसलेले कोटिंग असे पुसून निघत नाही. लावलेले होते ते ग्लेझ, म्हणजे बारीक खड्डे तात्पुरते बुजवणारे तेलकट, स्वस्त पॉलिश. पाण्याचे थेंब घसरतात म्हणून कोटिंग खरे, असे समजण्यात अर्थ नाही. साध्या मेणावरूनही ते घसरतात. मिस्त्रींनी बारीक कंपाऊंडने, म्हणजे रंग किंचित घासणाऱ्या लेपाने, हलके बफिंग केल्यावर बहुतेक डाग कायमचे गेले. टपावरचे दोन खोल होते. ते काढायला क्लिअर कोट फार घासावा लागेल, म्हणून त्यांनी ते तसेच ठेवायला सांगितले.

हे डाग पडतात कसे, हेही त्यांनीच समजावले. विष्ठेतील पांढरा भाग मुख्यतः युरिक आम्लाचा असतो आणि तो पाण्यात फार थोडा विरघळतो, म्हणून नुसता फवारा पुरत नाही. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो आणि थंड होताना वाळलेल्या थराभोवती वेडावाकडा आकसतो. वर्तुळाची कड उठते ती त्यामुळे. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, कोमट पाण्यात भिजवलेले मायक्रोफायबरचे फडके त्या जागी दहा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि मऊ झालेली घाण वर उचलून घ्यावी. घासू नये, कारण तीत बिया आणि वाळूचे कण असतात.

दुकानाला वर्तुळांची छायाचित्रे पाठवल्यावर उत्तर आले की ‘नवे पक्षी बसले असतील’, आणि भरपाई म्हणून एक मोफत धुलाई देऊ केली गेली. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात घेतले होते आणि पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. तरीही व्यवहाराची नोंद, हमीपत्र आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण एवढे पुरावे हाती आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानाने निम्मी रक्कम परत केली. उरलेल्या रकमेसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागितली आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. असा अनुभव कोणाला आला असेल, तर डाग पुन्हा उमटल्याची छायाचित्रे तारखेसह आधी काढून ठेवावीत आणि त्यानंतरच दुकानाला कळवावे; ‘एकदा गाडी आणा, बघून घेतो’ म्हणून ती नेली, तर ग्लेझचा आणखी एक हात फिरतो आणि पुरावा काही आठवड्यांसाठी झाकला जातो.