ग्रासकटरमध्ये कुठलं टू-टी ऑइल घालावं? दोन बेणण्यांनंतरचा अनुभव

राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे, सगळी उतारावर. चाकांचं लॉनमोअर इथे कामाचं नाही, खांद्यावरचा ग्रासकटरच लागतो. माझं मशीन ५२ सीसीचं, टू-स्ट्रोक. पहिली बेणणी (बागेतलं गवत-रान कापणं) भर पावसात केली ती स्कूटरवाल्यांच्या साध्या टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलवर, आणि नवरात्राच्या सुमाराची दुसरी जासो एफडी या जपानी दर्जाच्या ऑइलवर. निकाल आधीच सांगतो: एफडीवरच राहणार. फक्त धूर कमी झाला म्हणून नव्हे, धूर ही त्यातली किरकोळ बाब आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाला ऑइल साठवलेलं नसतं. पेट्रोलबरोबर जे जातं तेच क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला, रिंगला लागतं आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. जळेपर्यंत वंगण द्यायचं आणि जळल्यावर मागे घाण ठेवायची नाही, अशी त्याची दोन कामं. पहिलं काम बरीच ऑइलं बऱ्यापैकी करतात. दर्जाचा खरा फरक दुसऱ्या कामात कळतो.

डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. जासो ही जपानी मानकं: एफबी जुनं, एफसी कमी धुराचं, आणि एफडी म्हणजे धुराच्या बाबतीत एफसीसारखंच पण पिस्टन स्वच्छ ठेवण्याची कसोटी जास्त कडक. आयएसओच्या भाषेत हेच ईजीबी, ईजीसी, ईजीडी. एपीआय टीसी हा अमेरिकन दर्जा लिहिलेला असला तरी चालण्यासारखं आहे. पुढे मोठ्या अक्षरात नुसतं ‘टू-टी’ आणि मागे काहीच नाही, असा डबा मी घेत नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

पहिल्या बेणणीच्या शेवटी मशीन मंदावलं होतं. मोकळं असताना रेस व्यवस्थित यायची, पण पातं गच्च रानात घुसलं की आवाज खाली बसायचा. गडी म्हणाला, “भाऊ, कार्बोरेटर गेला.” मेस्त्रीने कार्बोरेटरला हात न लावता आधी सायलेन्सर काढला. आतल्या बारीक जाळीची निम्मी भोकं डांबरासारख्या चिकट काळ्या थराने बुजलेली. एक्झॉस्टच्या तोंडाशी कडेने टणक खरपुडी, नखाने न निघणारी. त्याने दोरी ओढून पिस्टनने ते तोंड बंद करून घेतलं, म्हणजे कचरा आत पडत नाही, आणि लाकडी काडीने खरवडलं. स्क्रू ड्रायव्हर लावला तर पिस्टनवर ओरखडे उठतात. जाळी तारेच्या ब्रशने साफ झाली आणि मशीन पुन्हा पहिल्यासारखं ओढायला लागलं.

दुसऱ्या बेणणीनंतर मुद्दाम तोच सायलेन्सर पुन्हा उघडला. जाळी मोकळी, तोंडाशी पातळ कोरडा थर, फडक्याने पुसला गेला. प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी, म्हणजे हवा तसा. सगळं श्रेय ऑइलला देणं मात्र बरोबर नाही. आधी गडी झाकणाने अंदाजे ओतायचा, आता गुरांच्या इंजेक्शनची मोठी सिरिंज फक्त ऑइलसाठी ठेवली आहे. मापाचाही यात वाटा आहेच.

मापाबद्दल आमच्याकडे एक पक्का समज आहे: ‘थोडं जास्त पडलं तर मशीनला बरंच.’ तसं नाही. कार्बोरेटर ठरावीक मापाचं मिश्रण आत सोडतो. त्यात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि वर कार्बन जमतो तो वेगळाच. कमी ऑइल घातलं तर पिस्टन चिकटणार, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात ४०:१ दिलंय, म्हणजे लिटरला २५ मिली. ५०:१ म्हणजे २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. स्टिल कंपनीची पुस्तिका त्यांच्या स्वतःच्या ऑइलला ५०:१ आणि दुसऱ्या टीसी ऑइलला २५:१ सांगते, हुस्कवर्नाची अनुक्रमे ५०:१ आणि ३३:१. आपल्या मशीनचं पत्रक सांगेल तेच माप, दुकानदार सांगेल ते नव्हे.

याच मापामुळे स्वस्त-महागाचा हिशेबही फिरतो. समजा, एक ऑइल ७०० रुपये लिटर आणि त्याला ५०:१ चालतं, तर लिटरभर पेट्रोलमागे १४ रुपये पडतात. दुसरं ४०० रुपयांचं, पण त्याला २५:१ लागतं, तर १६ रुपये. स्वस्त डबाच महाग पडला.

दोन गोष्टी अजिबात घालू नका. एक, मोटारसायकलचं किंवा ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं, राख मागे ठेवतं. दुसरी खास आपल्या किनारपट्टीची: बंदरावर ओबीएमचं, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचं ऑइल मिळतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. होडीचं म्हणजे दणकट, असं वाटतं. पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. ग्रासकटर हवेवर थंड होतो आणि त्याहून खूप तापतो, तिथे ते पुरं पडत नाही. आणि मशीन फोर-स्ट्रोक असेल (गावात आता तीही बरीच दिसतात) तर पेट्रोलमध्ये ऑइल घालायचंच नाही, त्याची जागा वेगळी असते.

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर ऑइल कितीही चांगलं असलं तरी मिश्रण ताजं लागतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटून तळाला बसतात. शेजाऱ्यांच्या कॅनचं झाकण सैल राहून पावसाचं पाणी शिरलं होतं. काचेच्या बरणीत ओतून पाहिलं तर वर रंगीत पेट्रोल आणि खाली स्वच्छ बिनरंगी थर. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशी पडलेला असतो, त्यामुळे इंजिन आधी तोच थर ओढतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणून आठवड्याला संपेल एवढंच मिश्रण करतो. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करतो, उरलेलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, मग प्लग काढून भोकात ऑइलचे चार-पाच थेंब सोडून दोरी दोनदा हळू ओढतो.

तक्रार एकच. एफडी आमच्या बाजारात मिळत नाही, रत्नागिरीहून आणावं लागतं. तिथेही दुकानदार आधी एफसीचा डबा पुढे करतो आणि “एकच आहे हो” म्हणतो.