लिफ्ट किटचे पैसे घेतले आणि जुनेच शॉक रंगवून परत बसवले

ऑफरोड गाडीला सस्पेन्शन लिफ्ट (म्हणजे स्प्रिंग-शॉक बदलून गाडी उंच करणं) करून घ्यायचा विचार असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. लांबलंय थोडं, पण पूर्ण वाचा.

माझी गाडी पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) अशी आहे. 2 इंच लिफ्ट ठरली, सोबत एक साइज मोठे टायर. गॅरेजवाल्याने काय काय टाकणार ते धडाधड सांगितलं, चार नवीन शॉक, पुढे उंच कॉइल, मागे नवीन पाटे, लांब ब्रेक होज (ब्रेक ऑइलचे रबरी पाइप), कॅस्टरसाठी (हा चाकांचा एक कोन, खाली सांगतो) ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले रबरी बुश), सगळं. माणूस जाणकार वाटला आणि खरं सांगतो, तो जाणकार होताच, म्हणून तर नेमकं काय दिसत नाही ते त्याला बरोबर माहीत होतं. गाडी ताब्यात आली तेव्हा दिसायला एक नंबर, लालभडक शॉक, वर स्टिकर, मडगार्डखाली भरपूर जागा. बिलावर मात्र एकच ओळ, 'लिफ्ट किट फिटिंगसह'. जुने शॉक, स्प्रिंग कुठायत विचारलं तर म्हणाला, ते भंगारात गेले दादा, तुम्ही काय करणार त्यांचं?

हायवेला काढली आणि गाडी सरळ जाईचना. सारखं स्टिअरिंग डावीउजवीकडे करत बसायचं, वळण संपलं की ते आपोआप परत येतं तसं येत नव्हतं आणि पुलाच्या जॉइंटवरून गेलं की पुढची चाकं अशी थडथडायची की वेग पार कमी केल्याशिवाय थांबायची नाहीत. फोन केला, तर नवीन सस्पेन्शन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. परत फोन केला, तर टायर मोठेत ना दादा, एवढं होणारच. मग म्हणे अलाइनमेंट करून घ्या. दर फोनला नवीन कारण.

आता हे 'सेट व्हायला वेळ लागतो' प्रकरण नीट समजून घ्या कारण बहुतेक लोक इथेच गप्प बसतात. नवीन कॉइल सुरुवातीला थोडी बसते हे खरंय, पण तिच्या बसण्याने गाडी भरकटत नाही. सॉलिड ॲक्सलची गाडी वर उचलली की कंट्रोल आर्म (ॲक्सलला चेसिसशी जोडणारे दांडे) जास्त तिरके होतात, ॲक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, आणि कॅस्टर म्हणजे तोच कोन जो चाकांना सरळ धरून ठेवतो. तो गेला की गाडी रस्ता धरत नाही आणि त्यात एखादा बुश नाहीतर बॉल जॉइंट ढिला असेल तर ती थडथड सुरू होते. साध्या टो अलाइनमेंटने (चाकांची तोंडं आत-बाहेर करून सरळ करणं) हे दुरुस्त होत नाही कारण अशा बऱ्याच गाड्यांत कॅस्टर फिरवायची सोय कंपनीने दिलेलीच नसते, त्याला ऑफसेट बुश किंवा वेगळे आर्म लागतात, म्हणजे ज्याचे पैसे मी देऊन बसलो होतो तेच. अलाइनमेंटवाल्या पोराने प्रिंट काढून दाखवली, दोन्ही बाजूचा कॅस्टर लाल, रेंजच्या खाली. म्हणाला, यात कॅस्टरला कोणी हातच लावलेला नाहीये.

मग दुसऱ्या मेकॅनिककडे नेली आणि रॅम्पवर चढवली. पहिली गोष्ट म्हणजे शॉक. त्याने थिनरचा बोळा घेऊन एका शॉकवर फिरवला, लाल रंग बोळ्यावर आला आणि खाली गाडी कंपनीचा शिक्का दिसला. माझेच शॉक! तारेच्या ब्रशने घासून, स्प्रे मारून, स्टिकर लावून परत बसवलेले. भंगारात गेलेला माल माझ्याच गाडीखाली होता. बरं, हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. गाडी उचलली आणि शॉक जुन्याच लांबीचे ठेवले तर चाक खाली लोंबायला जागाच उरत नाही, खड्ड्यात चाक गेलं की शॉक पूर्ण ताणून खाडकन थांबतो, म्हणजे प्रत्येक वेळी मार त्यालाच. तो काय जास्त दिवस टिकत नाही.

कॉइलपण जुनीच, वर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) सरकवलेला. स्पेसरला मी शिव्या देत नाही हां, थोडीशीच उंची हवी असेल तर स्पेसर ही सरळ स्वस्त वस्तू आहे, पण मग स्पेसर म्हणून विका की. त्याची जाडी मोजली तर इंचाच्या जेमतेम वर. मग 2 इंच कुठून आले? तर पहिल्या गॅरेजवाल्याने मला जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावून दाखवली होती, त्यात मोठ्या टायरची वाढ धरलेली. टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मी उंची गाडीला मिळते, तिचा सस्पेन्शनशी काही संबंध नाही. लिफ्ट मोजायची ती चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, काम करायच्या आधी आणि नंतर, चारही चाकांना, गाडी सपाट जागेवर उभी करून.

मागचं बघून तर मेकॅनिकनेच डोक्याला हात लावला. नवीन पाटे वगैरे काही नाही, ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये एकावर एक दोन ब्लॉक (उंची वाढवणारे ठोकळे). एक नीट बसवलेला ब्लॉक मागे चालतो, पण एकावर एक रचायचे नसतात, जोरात ब्रेक मारला किंवा चढावर जोर लावला की ॲक्सल पाट्यांना पिळतो आणि अशी रचलेली चळत सरकू शकते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे, गंजलेले, आणि इतके आखूड की नटाच्या बाहेर एकही आटा दिसत नव्हता. यू-बोल्ट आवळताना ताणला जातो म्हणून काढलेला परत वापरत नाहीत, हे कुठल्याही पाटेवाल्याला विचारा.

बाकी पण होतंच. आर्मचे बुश चाकं हवेत लोंबत असतानाच आवळलेले, त्यामुळे गाडी खाली उतरल्यापासून ते रबर पिळलेल्या अवस्थेतच होतं आणि कडा फाटायला लागल्या होत्या (हे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे टाइट करायचे असतात). पुढचा ॲक्सल एका बाजूला सरकलेला, एका बाजूचा टायर दुसऱ्यापेक्षा जास्त बाहेर, कारण पॅनार्ड रॉडचा (ॲक्सल डावीउजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) कोन वाढला की तो ॲक्सलला एकीकडे ओढतो, त्याला ॲडजस्टेबल रॉड किंवा ब्रॅकेट लागतं. ब्रेक होज कंपनीचेच, चाक लोंबवून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की तारेसारखे ताठ, एबीएसची वायरपण तशीच. आणि एक गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती, मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडलेली असते ती वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते, मागे लोड किती आहे ते बघून मागचे ब्रेक कमीजास्त करते. सगळ्या गाड्यांना नसते, माझ्या गाडीला आहे. गाडी उचलली आणि दांडी तशीच ठेवली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी मागून कायम रिकामी आहे, तो मागचे ब्रेक कमी करतो. ब्रेक मारल्यावर गाडी नाकावर का बसायची ते तेव्हा कळलं.

हे सगळं घेऊन पहिल्याकडे गेलो तर आधी म्हणाला तुम्ही दुसरीकडे खोललीत, वॉरंटी गेली. मग विचारतो, ऑफरोड केलीत का, ऑफरोडला वॉरंटी नसते. अरे बाबा, लिफ्ट काय लग्नाला न्यायला करतात का?

तर करून घेणाऱ्यांनी एवढं करा. जुन्या शॉकवर आणि कॉइलवर कुठेतरी आतल्या बाजूला मार्करने खूण करून फोटो काढून ठेवा, कोणाला सांगू नका. जुने पार्ट परत पाहिजेत हे काम द्यायच्या आधीच लिहून घ्या, जुनं सामान डिकीत आलं म्हणजे निदान नवीन काहीतरी लागलंय. बिलात प्रत्येक वस्तू पार्ट नंबरसकट वेगळी. अलाइनमेंटची प्रिंट, कॅस्टर धरून, हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. गाडी घेताना खाली वाकून होज आणि वायर बघा, यू-बोल्टचे आटे बघा, हेडलाइट खाली करायला लावा नाहीतर समोरचे सगळे आंधळे होतात. काही शे किलोमीटर झाले की सगळे नट परत आवळून घ्या, चांगला फिटर हे स्वतःहून सांगतो, माझ्यावाल्याने अक्षर काढलं नाही. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारं) असेल तर ॲक्सल सरकायची भानगड नाही पण सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा) कोन वाढतो, त्याचे रबरी बूट आणि वरच्या आर्मचे बॉल जॉइंट आधी बघा.

माझी गाडी आता दुसऱ्याने नीट केलीय, एक हात ठेवला तरी सरळ जाते. पहिल्याने थिनरचा व्हिडिओ बघितल्यावर पार्टचे पैसे कुरकुरत परत दिले. फिटिंगचे देत नाहीये. म्हणतो, माझी पोरं राबली त्यात, त्यांची मजुरी कोण देणार. म्हटलं, राबली असतील, रंग वाळायला वेळ लागतोच.